आधी हद्द, मग हकीकत

रत्नागिरीत नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. "गाव कुठलं?" हा प्रश्न बोटीवर विचारतात, न्हाव्यापुढे बसल्यावर विचारतात, कुणाच्या तेराव्याला जेवायला बसलं तर शेजारच्या पाटावरचा विचारतो. उत्तर द्यायला डोकं लागत नाही. बापाचं गाव ते आपलं गाव, मग तिथे आपण उभ्या आयुष्यात दोनदा आणि तेही शिमग्यापुरते गेलेलो का असेना. मी ज्यांच्या घरी बिऱ्हाड करून राहिलो ते वकीलसाहेब तेवढे हा प्रश्न कधी विचारीत नसत. ते विचारीत, "जन्म कुठला?"

मलाही त्यांनी तेच विचारलं. मला शाळेत मास्तरकी लागली होती, त्यांच्या पडवीला लागून एक खोली रिकामी असल्याचं कळलं होतं, आणि मी ट्रंक आणि वळकटी घेऊन त्यांच्या पायरीशी उभा होतो. हडकुळे, उंच, अंगात बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चिमटीत तपकीर. मी म्हटलं, "मार्गशीर्षातला."

"केव्हा ते नाही विचारलं. कुठे?"

"ते आईला विचारायला हवं," मी आपलं काहीतरी बोलून गेलो.

"विचारून ठेवा," ते म्हणाले आणि शिंकले. "माणसाला आपली जात ठाऊक असते, गोत्र ठाऊक असतं, पत्रिकेतला शनी कुठल्या घरात बसलाय तेही ठाऊक असतं. आपण स्वतः कुठल्या घरात जन्मलो तेवढं ठाऊक नसतं."

खोली मला काकूंनी दिली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. खोलीचं भाडं, अंघोळीच्या पाण्याची वेळ, एकादशीला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे सगळं त्यांनी उंबरठ्याच्या आत उभं राहून सांगितलं. वकीलसाहेब तेवढा वेळ ओटीवर छताकडे बघत बसले होते. मला वाटलं, संसारात लक्ष नसलेला माणूस दिसतो. माझी चूक होती. त्यांचं फार बारीक लक्ष होतं, फक्त घराचे त्यांनी दोन मुलूख केले होते. ओटी आणि पडवी त्यांची. उंबरठ्याच्या आत माजघरापासून मागल्या विहिरीपर्यंत काकूंची हुकमत. चहा हवा असला की ते उंबरठ्याशी येऊन उभे राहत आणि म्हणत, "अर्ज आहे."

"कशाबद्दल?" आतून काकू.

"अर्धा कप चहा."

"नामंजूर. आत्ताच झालाय."

की हे मुकाट्याने परत. पहिल्या आठवड्यात मला ही नवराबायकोची थट्टा वाटली. मग एके सकाळी काकू विहिरीवर गेल्या असताना चुलीवरचं दूध वर आलं. वकीलसाहेब उंबरठ्याशी धावत आले, तिथे दोन्ही हातांनी चौकट धरून उभे राहिले आणि ओरडू लागले, "दूध! अहो, दूध चाललं! दूध!" मी खोलीतून येईपर्यंत सगळं दूध चुलीत गेलं होतं. चूल त्यांच्यापासून चार पावलांवर होती. काकू आल्या, त्यांनी चुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "जळ्ळी मेली तुमची ती हद्द!" एवढंच म्हणाल्या आणि राख उपसायला बसल्या. वकीलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांचा राग योग्य आहे. पण मी आत गेलो असतो तर उद्यापासून त्याही ओटीवर आल्या असत्या."

शेजाऱ्याचा एक माड वाकून आमच्या परड्यात आला होता. मूळ तिकडे, नारळ इकडे. कुणीही कोकणातला माणूस अशा माडाकडे देवाची देणगी म्हणून बघतो. हे रीतसर अर्ज करून परड्यात जात आणि पडलेला प्रत्येक नारळ उचलून दगडी गडग्यावरून पलीकडे नेऊन देत. "माड जिथे रुजला तिथली त्याची लेकरं," म्हणत. शेजारी नारळ घेई आणि त्यांना येडा समजे. काकूंनी मात्र यातून मार्ग काढला होता. नारळ पडल्याचा आवाज आला की त्या वकीलसाहेबांच्या आधी परड्यात पोचत. परडं त्यांच्या हुकमतीत होतं.

मांजराच्या बाबतीत काकूंचं काही चाललं नाही. कुणाचं तरी भटकं मांजर वकीलसाहेबांच्या ओटीवर, कागदांच्या पेटाऱ्यात व्यालं. काकू म्हणाल्या, पिल्लांचे डोळे उघडले की वखारीत सोडून या. हे म्हणाले, "मांजर कुठलंही असो. पिल्लं या ओटीवर जन्मली. जन्मानं ती इथली. त्यांना इथून घालवायचा हक्क आता मलाही नाही." त्यानंतर वर्षभर मला चादर झटकून अंगावर घ्यावी लागे.

त्यांची वकिली बेताची चाले, आणि याचं कारणही हेच. पक्षकार यायचा, घाम पुसायचा आणि सांगायला लागायचा, "साहेब, काय झालं, परवाच्या दिवशी मी आपला गुरं घेऊन..." की हे हात वर करीत. "आधी हद्द, मग हकीकत. कुठे झालं? कुठल्या गावच्या शिवेत? झाडाच्या अलीकडे की पलीकडे?" बिचाऱ्याचं डोकं फुटलेलं असायचं आणि हे त्याला झाड विचारायचे.

एका मारामारीची गोष्ट तर कोर्टाच्या आवारात पुढे कित्येक वर्षं सांगत. दोन भावकीतली माणसं दोन तालुक्यांच्या सीमेवर एका आंब्याखाली भिडली होती. आमचा पक्षकार मारणारा. वकीलसाहेब स्वतः बैलगाडी करून तिथे गेले, दोर टाकून जमीन मोजली आणि तो आंबा पलीकडच्या तालुक्यात आहे असं सिद्ध केलं. आमच्या मॅजिस्ट्रेटने मान डोलावली, मला हा खटला चालवण्याचा अधिकार नाही म्हणून सांगितलं आणि काम पलीकडे धाडलं. वकीलसाहेबांनी त्या दिवशी पेढे वाटले. पलीकडचा मॅजिस्ट्रेट कडक होता. त्याने एका सुनावणीत आमच्या माणसाला आत घातलं. सुटून आल्यावर तो वकीलसाहेबांना भेटायला आला आणि पायरीवर टेकून म्हणाला, "साहेब, हद्दीत जिकलंव नि मारामारीत हरलंव." वकीलसाहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. "योग्य ठिकाणी हरलात," ते म्हणाले.

मी हे सगळं शाळेत रंगवून सांगत असे आणि मास्तर मंडळी पोट धरून हसत. माझंही हसणं असंच चालू राहिलं असतं, पण मिठाचे दिवस आले.

त्या वर्षी सगळीकडे जे चाललं होतं ते आमच्याकडेही थोडंफार चाललं. मी काही मोठा देशभक्त नव्हतो. खादीची टोपी होती, ती धुवायला सोपी म्हणून. पण एका रविवारी वरच्या वर्गातली पोरं घेऊन मी समुद्रावर गेलो, आम्ही पातेल्यात पाणी उकळलं, तळाशी उरलेला मळकट खडा चिमूटभर सगळ्यांनी जिभेवर ठेवला आणि जयजयकार करत परत आलो. मीठ कडू होतं. दुसऱ्या दिवशी एक हवालदार शाळेच्या दारात आला. ओळखीचाच माणूस. पानतंबाखू झाल्यावर त्याने सहज विचारलं, "मास्तर, गाव कुठलं तुमचं?" मीही सहज सांगितलं. दक्षिणेकडच्या संस्थानातलं आमचं गाव, आमचं घर, मागची पोफळीची बाग. हवालदार म्हणाला, "झकास!" आणि गेला.

महिन्याने हुकूम आला. संस्थानच्या राजाची प्रजा असलेल्या, म्हणजे इंग्रजी मुलखात परक्या असलेल्या अमुक माणसाने इंग्रजी मुलूख सोडून जावं, आणि पुन्हा त्यात पाऊल टाकू नये. काही म्हणणं असेल तर कलेक्टर कचेरीतल्या साहेबांपुढे पुराव्यासह मांडावं.

आता गंमत बघा. त्या काळी सरकारला जो माणूस नकोसा होई त्याला ते रत्नागिरीला आणून ठेवत असे. राजे काय, पुढारी काय. आणि मला मात्र ते रत्नागिरीतून बाहेर काढायला निघालं होतं. पण हा विनोद मला पुढे सुचला. त्या दिवशी मी तो कागद घेऊन आधी हेडमास्तरांकडे धावलो. हुकूम कायम झाला तर शाळा गेलीच. हेडमास्तरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. गुहागरची सोयरीक जवळजवळ ठरली होती, मुलीच्या वडलांनी निरोप धाडला की निकाल लागू द्या, मग बोलू. नाट्याला माझी आजी होती, आईची आई. नाटे राजापूर तालुक्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. म्हातारी गेली तरी मला जाता आलं नसतं.

मी तो कागद वकीलसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, तपकीर ओढली. शिंकले नाहीत, हे मला आठवतं.

"तुम्हाला सांगितलं होतं आईला विचारून ठेवा."

"काय विचारायचं होतं?"

"मास्तर, तुमचे वडील कुठले, आजोबा कुठले, कुलदैवत कुठलं, याच्याशी या कायद्याला कर्तव्य नाही. इंग्रजी हद्दीत जो जन्मला तो इंग्रजी प्रजा. बाप चिनी का असेना. बापाची चौकशी आपण माणसं करतो. कायदा इतकंच विचारतो, त्या दिवशी आई कुठे होती? बाईमाणसाला कुठलाही कायदा फारशी किंमत देत नाही, पण त्या एका दिवसापुरती द्यावीच लागते." मग एकदम थांबून माझ्याकडे टक लावून म्हणाले, "तुम्ही भावंडांत कितवे?"

"थोरला."

"थोरला!" ते उठून उभे राहिले. "आजोळ नाटे म्हणाला होतात ना मागे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिलं बाळंतपण माहेरी. मी नाट्याला जन्मलो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आजी दर सुट्टीत ती खोली दाखवायची. पण कुणी "गाव कुठलं" विचारलं तर नाटे सांगायचं हे या जन्मात मला सुचलं नसतं. आजोळ म्हणजे काय आपलं गाव असतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"काकूंना सांगायला हवं," वकीलसाहेब म्हणाले आणि सरळ उंबरठा ओलांडून आत गेले. परवानगी न घेता. आतून काकूंचा घाबरलेला आवाज आला, "अहो, काय झालं? कोण गेलं?"

मग आईला बोलावणं धाडलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई घराबाहेर फारशी पडत नसे, पण वेंगुर्ल्याला बोटीत बसून ती एकटी आली. बोट लागल्यामुळे चेहरा पांढराफटक, काखेत बोचकं, आणि बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरताना पहिला प्रश्न, "तुका जेवक कोण घालता?" काकूंनी तिला आत नेऊन कोकमाचं सार पाजलं. संध्याकाळी ती उंबरठ्याच्या आत बसली, वकीलसाहेब बाहेर बसले आणि चौकशी सुरू झाली.

सिद्ध आम्ही करायचं होतं. सरकार परका म्हणालं की परका नसल्याचं दाखवण्याचा भार आपल्यावर, असा तो कायदा होता. त्यामुळे वकीलसाहेब गंभीर असतील असं मला वाटलं. ते गंभीर नव्हते. त्यांचे डोळे चकाकत होते.

"वहिनी, माहेरी कशा गेलात?"

"मचव्यानं. बापूस घेवन गेलो."

"मचव्यानं," ते पुढे सरकले. "आणि मुलगा... वाटेत तर नाही ना झाला? म्हणजे पाण्यावर? मचवा कुणाचा होता? किनाऱ्यापासून किती लांब होतात?"

माझ्या लक्षात आलं. हा माणूस उभ्या आयुष्यात अशा जन्माची वाट बघत होता. पाण्यावरचं मूल. निम्मा मचवा एका राजाच्या पाण्यात, निम्मा दुसऱ्याच्या. त्यावर त्यांनी आठ दिवस भाषण केलं असतं, आणि तोवर मी संस्थानात पोचलो असतो.

"मचव्यार कशाक?" आई म्हणाली. "सातव्यात गेल्लंय. दोन म्हयने म्हायारात बसान काढलंय. माजघराच्या आतल्या खोलीत झालो. सुईण हुती, आऊस हुती."

वकीलसाहेबांनी खांदे पाडले. वैद्याला मोठा रोग वाटावा आणि नुसतं पडसं निघावं तसा त्यांचा चेहरा झाला. "साधंच आहे," ते म्हणाले. मला त्या दोन शब्दांत सगळं रत्नागिरी परत मिळालं, आणि ते मात्र बराच वेळ ओटीवर उदास बसून होते. काकू म्हणाल्या, "पाण्यात नाही झाला म्हणून रडताय काय?"

आईला काय बोलायचं ते पढवून ठेवा, असं मी सुचवलं. ते इतके संतापले की चष्मा पडला. "साक्षीदार पढवायचा नाही! खरं सांगणाऱ्याला पढवलं की तो खोटा वाटायला लागतो." दुसऱ्या दिवशी वाटलं, पढवलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब इंग्रज होता, तरुण, परीक्षा देऊन शिकलेलं मराठी बोलणारा. शेजारी शिरस्तेदार, पांढरी पगडी, तोंडात पानाचा तोबरा. दाराशी पट्टेवाला. आई पदर ओढून उभी. तिने आयुष्यात साहेब पाहिला नव्हता, पण घाबरलेली दिसली नाही. साहेब तिला मान देऊन म्हणाला, "बाई, आपल्या ह्या पुत्राचा गाव कोणता?"

आणि आई म्हणाली, "गाव आमचो संस्थानातलो. रवळनाथाच्या राजातलो."

साहेबाने पुन्हा विचारलं, "निश्चित?"

"निश्चित म्हणजे?" आई म्हणाली. "बापाशीचो गाव तोच झिलाचो. चार पिढ्ये थंयसरच."

तिचं काय चुकलं? कुलवंत बाई तिऱ्हाईतापुढे माहेरचं नाव घेते होय? सासरचं गाव सांगायचं, कुलदैवताचं नाव घ्यायचं आणि नजर खाली ठेवायची, हे तिला शिकवलेलं. साहेबाने लेखणी उचलली. "आईच म्हणते," तो शिरस्तेदारांना म्हणाला. मला ट्रंक आणि वळकटी दिसायला लागली.

वकीलसाहेब उठले. "साहेबांनी गाव विचारलं, बाईंनी गाव सांगितलं. जन्म विचारलेलाच नाही."

"त्यात फरक काय?"

"तेवढाच फरक आहे, साहेब. त्याच्यासाठी तर आपण सगळे इथे जमलोय." आणि आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं पहिलं बाळंतपण कुठे झालं?"

आईने मान वर केली. तिचा चेहरा तांबडा झाला होता. "खंय म्हणजे? ह्यां काय इचारूचां झालां? पयलां बाळातपण म्हायारात जाता! माझो बापूस तेवा जितो हुतो! सोता मचवो घेवन इल्लो माका न्हेवक. पयल्या खेपेक सासरात बाळंत होवक मी काय बिनम्हायाराची?"

शिरस्तेदारांनी रुमाल तोंडाला लावला. साहेबाला शब्द कळले नसावेत, पण राग कळला. त्याने शिरस्तेदारांकडे पाहिलं. त्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. साहेब म्हणाला, "आता वकिलांनी सुचवल्यावर असं म्हणते."

वकीलसाहेबांनी नाट्याच्या मामाचं प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं होतं, त्याला हातही लावला नाही. ते शिरस्तेदारांकडे वळले. "रावसाहेब, आपण घरात थोरले ना? आपला जन्म कुठला?"

शिरस्तेदार गोंधळले. "माझा काय संबंध?"

"साहेबांना सांगा."

"केळशीचा," ते पुटपुटले. "आजोळचा."

"आणि आपलं गाव?"

"आमचं गाव चिपळुणाजवळ."

वकीलसाहेब दाराकडे वळले. "काय रे, तू थोरला?" पट्टेवाला आधी दचकला, मग छाती काढून म्हणाला, "व्हय साहेब. आजोळाक झालो. माझी आयस म्हायेरचीच लाडकी हुती."

साहेबाने खुर्चीत मागे टेकून आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्या जिल्ह्यात आपल्या स्वतःच्या घरी कोणीच जन्मत नाही काय?"

"जन्मतात ना, साहेब," वकीलसाहेब म्हणाले. "धाकटे."

साहेब हसला. इंग्रज माणूस कचेरीत हसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हसता हसता त्याने विचारलं, "आणि तुम्ही, वकीलसाहेब?"

"मी? मीही थोरलाच," ते म्हणाले आणि लगेच घाईघाईने कायद्याचं कलम वाचायला लागले.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. साहेबाने मामाचं प्रतिज्ञापत्र नजरेखालून घातलं, कागदावर चार ओळी लिहिल्या आणि मला म्हणाला, "मास्तर, मीठ बाजारात विकत मिळते." हुकूम मागे घेतला होता. मी नाट्याला जन्मलेला, इंग्रजी हद्दीतला, इंग्रजांच्या राजाची प्रजा. खादीची टोपी हातात धरून मी साहेबाचे आभार मानले. ज्याचं मीठ चोरलं त्या राजाचा मी आपला माणूस ठरलो याचा त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की देशभक्तीचं जे काय थोडंफार होतं ते बिचारं कोपऱ्यात जाऊन बसलं. खरं सांगायचं तर मला साहेबाच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी पायरीवर बसलोच. हुश्श झालं. शाळा होती, गुहागर होतं, पुढच्या सुट्टीत आजी होती. आईने डोक्यावरून पदर नीट केला आणि विचारलं, "झालां काय रे?" मी म्हटलं, "झालं." तिने डोळे टिपले.

"आता तुम्हाला इथून कुणी घालवू शकत नाही," वकीलसाहेब मला म्हणाले. "फार तर तुरुंगात टाकतील. तो तुमचा हक्कच आहे." असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर हसायला लागले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. पगडी काढून त्यांनी काखेत मारली, कपाळावरचा घाम पुसला आणि आईकडे वळून, दोन्ही हात वर करून म्हणाले, "बरां झालां गे बाये, बरां झालां! ह्येका आता हयसून कोण हलयता तां बघतंय मी!"

मी बघतच राहिलो. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिलो, त्यांच्या तोंडून कचेरीतल्या शुद्ध मराठीखेरीज अक्षर ऐकलं नव्हतं. रागात नाही, तापात नाही, दूध उतू जाताना नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण वर गेलेले हात तसेच राहिले.

आईचा चेहरा मात्र उजळला. परमुलखात आपली बोली ऐकली की बाईमाणसाला कसा धीर येतो! "अगे बाय माझे! वकीलसायब, तुमी आमच्याकडचे? खंयचे तुमी?"

त्यांनी खाली मान घालून, अगदी हळू, एका गावाचं नाव घेतलं. आमच्या गावापासून ओहोळ ओलांडला की ते गाव लागतं. संस्थानातलं.

"आणि जल्म?" आईने विचारलं. सकाळपासून तिलाही आता त्याची गोडी लागली होती.

"जल्म थंयचो. बापूस थंयचो. आजोळय थंयचांच. चाकाकडे शिकूक धाडल्यांनी, तो हयसरच रवलंय." चाका म्हणजे काका. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी मनातल्या मनात हिशेब केला. जन्म संस्थानात, बाप संस्थानातला. म्हणजे त्यांच्याच कायद्याने हा माणूस या मुलखात परका. इतकी वर्षं परका असूनच कोर्टात उभा राहिला, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आज मघाशी साहेबाने हसत विचारलेला तो एक प्रश्न जरा पुढे गेला असता, तर माझ्या जागी कोण गेलं असतं? आणि हे सगळं ठाऊक असून ते साहेबापुढे उभे राहिले होते, तिथल्या प्रत्येकाला जन्म कुठला म्हणून विचारीत. मी उठलो आणि तिथेच त्यांच्या पाया पडलो.

आईला यातलं काही कळलं नव्हतं. तिला शेजारगावचं माणूस सापडलं होतं. ती खळखळून हसली आणि आपल्या खड्या आवाजात म्हणाली, "म्हणजे वकीलसायब, खरे परके ते तुमीच!"

वकीलसाहेबांनी घाईघाईने पगडी डोक्यावर चढवली, वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"वयनी, हळू बोला. सायबाची खिडकी उघडी आसा."